पहिल्या नंबरचे गाणे



रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ तुमच्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दर बुधवारी गाणी एकेक ‘पायदान’ वर चढत, आणि चौथ्या पायदानावरचे गाणे पहिल्यावर आले की ऐकणाऱ्यांना घरचेच कोणी पास झाल्यासारखे वाटे! पण हा नंबर येतो कोठून, आणि त्यात नेमके मोजतात काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. इंग्लंडमध्ये ही रीत चांगली रुजली होती. तेव्हा तिथलीच दोनतीन उदाहरणे आज पाहू.

तिथे १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने खपाची पहिली यादी छापली. पद्धत अगदी साधी. काही निवडक दुकानांना टेलिफोन करायचा, या आठवड्यात कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते विचारायचे, आणि मिळालेल्या उत्तरांची बेरीज करून क्रम लावायचा. पुढे इतर पत्रेही आपापल्या याद्या काढू लागली.

मग व्हायचे तेच झाले. १९६३ च्या आरंभी बीटल्स या चौघांच्या ‘प्लीज प्लीज मी’ या गाण्याला ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’ यांनी पहिला नंबर दिला. ‘रेकॉर्ड रिटेलर’ने मात्र दुसरा. गाणे तेच, गाणारे तेच. मोजणी तेवढी वेगळी! अखेर १९६९ च्या फेब्रुवारीत बी.बी.सी. आणि ‘रेकॉर्ड रिटेलर’ यांनी मिळून हे काम एका स्वतंत्र संशोधन संस्थेकडे सोपवले.

दुसरे उदाहरण १९६७ चे. बीटल्सची एक तबकडी निघाली. एका बाजूस ‘पेनी लेन’, दुसऱ्या बाजूस ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. जाणकार या दोन्ही गाण्यांना आजही फार मानतात. पण ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत ती दुसऱ्या जागेवरच अडली. वर ठाण मांडून बसले होते एंगलबर्ट हम्परडिंक यांचे ‘रिलीज मी’. हे गायक जन्मले आपल्या मद्रासमध्ये, १९३६ साली. त्यांचे गाणे सहा आठवडे पहिले होते. शिक्षक बंधुभगिनींना यात नवल वाटू नये. एखाद्या वर्गात ९० गुणांचा मुलगा दुसरा येतो, तर शेजारच्या वर्गात ६० गुणांची मुलगी पहिली येते. नंबर सांगतो तो शेजारी कोण होते एवढेच.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे लुई आर्मस्ट्राँग यांचे. ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ हे त्यांचे गाणे १९६८ साली इंग्लंडात पहिले आले. खुद्द अमेरिकेत ते पहिल्या शंभरांतही शिरले नाही. तिथल्या कंपनीच्या प्रमुखाला ते रुचले नव्हते, म्हणून त्याची जाहिरातच झाली नाही. पुढे एका चित्रपटात ते वाजले आणि १९८८ साली तिथल्या यादीत ३२ व्या जागी पोचले. आर्मस्ट्राँग १९७१ सालीच निवर्तले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग या याद्या खोट्या का? मुळीच नाही. अमुक आठवड्यात, अमुक दुकानांत काय खपले, हे त्या ठीक सांगतात. आज तबकडीची जागा मोबाइलने घेतली आहे, आणि किती जणांनी गाणे ऐकले हे यंत्रच मोजते. तरी मोजणी ती मोजणीच.

म्हणून गुरुजनांना एक सुचवतो. वर्गात कोणी म्हणाले, “हे गाणे एक नंबर आहे”, तर त्याला रागावू नका. त्याच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरे काढून घ्या: कोणी मोजले? काय मोजले? मोजायचे काय राहून गेले? तिसऱ्या प्रश्नासाठी त्याला घरी आजीकडे पाठवा. तिला येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या कोणत्या दुकानात विकायला नव्हत्या, म्हणून त्यांना नंबरही नव्हता. त्यांतल्या दोनचार त्याने वहीत उतरवून आणल्या, तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजावे.