एरंडोलच्या वाटेवर

एरंडोलला आलात की आधी पद्मालय गाठा. दहाएक किलोमीटरवर, जंगलातल्या टेकडीवर गणपतीचं दगडी मंदिर आणि शेजारी कमळांचं तळं. गाभाऱ्यात दोन गणपती: एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. अशी जोडी क्वचितच बघायला मिळते. जवळच भीमकुंड आहे. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला इथंच लोळवलं, असं जुनी माणसं सांगतात. हा मान सांगणारी गावं देशात आणखीही आहेत म्हणा! कागदोपत्री इतिहास हवा असेल, तर महामार्गानं थेट धुळे गाठा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तिथंच निवर्तले. गावोगाव फिरून त्यांनी जमवलेली दप्तरं राजवाडे संशोधन मंडळानं जपली आहेत. तिथल्या संग्रहालयातल्या जुन्या मूर्तीही सवडीनं बघा.