मान धरली का? पालथं पडलं का?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की आम्ही लेकराबाळांच्या गोष्टींवर येतो. ‘मान धरली का? पालथं पडतंय का?’ हे आपल्या आजीबाईंचे नेहमीचे प्रश्न. ते नुसत्या कौतुकाचे नाहीत, त्यात बाळाची तपासणी असते. आज त्यावरच बोलू.

दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्या तोंडाकडे बघून हसतं. चार महिन्यांपर्यंत मान धरतं. सहाव्या महिन्याच्या आसपास पालथं पडतं, आवाज आला की तिकडे वळतं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, ‘बाबाबा, दादादा’ करतं. वर्षाचं होता होता धरून उभं राहतं, टाटा करतं.

यात थोडं पुढेमागे होतंच. काही बाळं तर न रांगताच उभी राहतात. म्हणून जावेच्या बाळाशी तुलना करून सुनेला बोल लावू नये. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे महिने डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजावेत.

पण ‘याचा बापही उशिराच चालला होता’ म्हणून वाटही बघत बसू नये. चार महिने पूर्ण होऊनही मान सावरत नाही, सहा महिन्यांनंतर आवाजाकडे वळत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, किंवा येत असलेली गोष्ट करायचं थांबलं, तर लगेच आशाताईंना सांगा. त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, तेव्हा मोकळेपणाने विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तपासणी मोफत असते आणि गरज पडली तर पुढे पाठवतात. ऐकू कमी येतंय हे पहिल्या वर्षातच कळलं, तर बोलणं शिकायला मोठी मदत होते.

कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून किती तरी जोडपी ऊसतोडीला जातात. टोळी परत येईपर्यंत पाच-सहा महिने निघून जातात. म्हणजे बाळाचं पहिलं वर्ष जवळजवळ अर्धं कोपीवरच सरतं. जाताना गाठोड्यात माता-बाल संरक्षण कार्ड आठवणीने ठेवा. तिथल्या आशाताईंची, अंगणवाडीची चौकशी करा. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेला लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

बाळाला शिकवायला महागडी खेळणी लागत नाहीत. वाटी-चमचा, रंगीत फडकं, कुकूचकू आणि आपलं बोलणं पुरे. भाकरी थापताना, दळण निवडताना त्याच्याशी बोलत राहा. रडलं की हातात मोबाईल देऊ नका. जागं असताना जवळ बसून थोडा वेळ पालथं झोपवा.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा. मग रोज मऊ वरण-भात, ज्वारीची घट्टसर पेज द्या, दूध पाजणं चालूच ठेवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका. संक्रांतीला बोरन्हाण हौसेने करा, पण बोरं, हरभरे, चुरमुरे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, याकडे एकीने लक्ष ठेवा, ते घशात अडकतात.

पुढच्या बैठकीला येताना कार्ड बरोबर आणा. प्रत्येक बाळाचा महिना बघून आपण सगळ्या मिळून विचारू, ‘मान धरली का? पालथं पडलं का?’