हातमोजा कोणाच्या हातात?



विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल. समुद्र नागपुरापासून शेकडो मैल दूर, आणि हा कामगारांचा माणूस पाण्याखाली हातमोजे घालावेत की नाही यावर काय सांगणार? परंतु सुटीत आपल्याच वस्त्यांतली माणसे मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्यात उतरतात आणि मासे पाहून येतात. जेथे आपण जातो तेथे आपले हात काय करतात, हे विचारलेच पाहिजे. शिवाय हातमोजा ही माझ्या रोजच्या मागणीपत्रातली वस्तू आहे.

थंड समुद्रात हा वादच नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी लवकर ओढून घेते. बोटे बधिर झाली की सिलिंडरची झडप नि पट्ट्याची कळ हाताळता येत नाही. म्हणून तेथे हातमोजा हवाच. मालवणचे पाणी मात्र ऊबदार. तेथे थंडीचे कारण उरत नाही. इजेचे तेवढे उरते.

ते कारण खोटे नाही. पाण्यात भिजलेली कातडी मऊ पडते, आणि खडकावरच्या धारदार शिंपल्यांनी ती चटकन कापते. पण हातमोजा सगळेच अडवतो असे नव्हे. खरचटणे वाचते, जेलीफिशचा दाह टळतो. मात्र समुद्री साळिंदराचा काटा किंवा लायनफिशचा विषारी काटा पातळ मोज्यातून आरपार जातो. ज्याने मोजा घातला त्याला मात्र वाटते की आपण आता सुरक्षित आहोत, कशालाही हात लावू शकतो.

कारखान्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गरम लोखंड उचलताना हातमोजा जीव वाचवतो. तोच मोजा फिरत्या ड्रिल मशीनवर घातला, तर त्याचा धागा बरम्यात गुंततो आणि सबंध हात ओढला जातो. म्हणून चालत्या यंत्राजवळ अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिले होते. आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असेही त्याच कलमात होते. तात्पर्य, मोजा चांगला की वाईट हे मोज्यावरून ठरत नाही. हात कोणते काम करणार, यावरून ते ठरते.

आता पाहुण्याचे पाण्याखाली काम काय? पाहणे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. दिसायला तो दगड. पण त्यावर बारीक जिवांची पातळ कातडी पसरलेली असते. एका बोटाच्या दाबानेही ती खरवडते, आणि गोल दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. एका क्षणाच्या आधारासाठी आपण कित्येक वर्षांची कमाई मोडतो. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. २००१ मध्ये प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. कॅरिबियन समुद्रातील बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात तर हातमोजे घालण्यास सर्वसाधारण मनाईच आहे. उघडा हात आपणहून जपून राहतो, एवढाच त्यामागचा हिशेब.

कोणी म्हणेल, तोल गेला तर धरायचे कशाला? त्यावर उपाय मोजा नव्हे. कमरेची वजने नीट हवीत, श्वास संथ हवा, आणि सोबतच्या पाणबुड्याचे लक्ष हवे. त्याच्यावर विसंबून हात छातीशी बांधून ठेवावेत.

आणि येथेच, मित्रहो, माझा खरा मुद्दा येतो. तो सोबतचा पाणबुड्या कोण? किनाऱ्यावरचा तरुण. आपण एकदा उतरतो. तो पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत पुन्हा पुन्हा उतरतो. होडीचा नांगर खडकात अडकला तर सोडवायचा त्यानेच. शिंपले चढलेला दोर ओढायचा त्यानेच. प्रवाळात गुंतलेले फाटके जाळे कापायचे तेही त्यानेच. पाहुण्यासाठी केलेला मोज्याच्या मनाईचा नियम या हातांना सरसकट लावणे हा अन्याय आहे. नियम करणाऱ्यांनी पाहणारा हात आणि राबणारा हात यांत फरक केला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे: ऊबदार पाण्यात पाहुण्याने मोजा घालू नये. पाणबुड्याच्या पट्ट्याला मात्र जाड मोज्यांची जोडी असावी. दोर, नांगर किंवा जाळे हाती घेताना त्याने ती चढवावी आणि काम होताच उतरवावी. ती जोडी धंदा चालवणाऱ्याने आपल्या खर्चाने द्यावी, फाटली की बदलून द्यावी. पोराच्या मजुरीतून कापू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवण्याची सोय होडीवर असावी आणि त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावे. हे काही मोठे मागणे नव्हे.

या सुटीत आपल्यापैकी जे कोणी मालवणला जातील त्यांनी होडीत बसण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: 'दादा, तुला मोजे कोण देतं?' दहा पाहुण्यांनी विचारले, तर अकराव्याच्या आधी मोजे येतील. संघटना अशीच सुरू होते.