पाण्याच्या बैठकीला कोण जातं?

दिंडोरीच्या आम्ही बचत गटाच्या बाया, आज परत तुमच्याशी बोलायला बसलोय. मागच्या वेळी लोणच्याला बुरशी का येते ते सांगितलं होतं. आजचा विषय लोणच्याचा नाही, पाहुणीचा आहे.

द्राक्षाचा हंगाम चालू होता. आम्ही बागेत घड कापून, खराब मणी कैचीने काढून क्रेट भरत होतो. मालकांबरोबर एक गोरी बाई आली, पन्नाशीची. हॉलंडची. नकाशात त्या देशाचं नाव नेदरलँड्स, पण आपल्याकडे सगळे हॉलंडच म्हणतात. आपली द्राक्षं न्हावाशेव्याहून जहाजात चढतात आणि त्यातली बरीचशी पहिल्यांदा उतरतात ती तिकडच्या रॉटरडॅम बंदरात. तिथून पुढे साऱ्या युरोपात जातात. तिचं काम त्याच मालाचं. तिला बाग बघायची होती, आणि आम्हाला ती बघायची होती!

दुपारी भाकरी खायला बसलो तर तीही आमच्यात मांडी घालून बसली. मांडी काही नीट जमेना. आमच्यातल्या एकीची मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने इंग्रजीतून दुभाषाचं काम केलं. ठेच्याने पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने भाकरी संपवली. म्हणाली, आमच्याकडे सकाळी पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा टाकून खातात, मोठी माणसंसुद्धा. दुपारी परत पावच, गार. आम्ही विचारलं, मग चूल पेटते कधी? तर म्हणाली, संध्याकाळी सहाला, एकदाच. आमच्यातली एक लगेच म्हणाली, मला तिकडेच घेऊन चल.

मग बोलणं वाढलं. आम्ही विचारलं, बाया कामाला जातात का? जातात, पण निम्म्याहून जास्त जणी अर्धवेळ काम करतात, कारण पोरं आणि घर. म्हणजे ते तिकडेही बाईच्याच वाट्याला. तिने विचारलं, माल यायला इतका उशीर का होतो, ते तुम्हाला कळतं का? आम्ही म्हटलं, कळतं की. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, तेव्हा किती जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं, आणि नाजूक माल जास्त दिवस डब्यात राहिला. तिला नवल वाटलं. तिला काय माहीत, की भाव पडला की कारण आधी आमच्याच चुलीपाशी येऊन बसतं.

कांद्याचं निघालं. तिचा देशही कांदा बाहेर पाठवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. आपल्याकडे 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती उठली मे 2024 मध्ये. तेवढ्या दिवसांत परदेशातल्या ग्राहकाने कांदा खायचं काही सोडलं नाही, त्याने दुसऱ्याकडून घेतला. हे सांगताना आमच्यातल्या दोघींचा आवाज जरा चढलाच. पाहुणीने ऐकून घेतलं.

मग ती तिच्याकडच्या शेतकऱ्यांचं सांगू लागली. तिकडे गाई फार. त्यांच्या शेणामुतातून अमोनिया उडतो, तो रानावर, दलदलीवर पडतो आणि तिथली नाजूक झाडंझुडपं मरतात. 2019 साली तिथल्या वरच्या न्यायालयाने सरकारची परवाने द्यायची पद्धत मोडीत काढली. आता गाई कमी कराव्या लागणार, म्हणून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन द हेग शहरात घुसले. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मोर्चा? मोर्चा तर आपल्या घरचा विषय! मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक पायी गेले, तेव्हा रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आणि मार्च 2023 मध्ये लाँग मार्च निघाला तो आपल्या दिंडोरीतूनच. वनजमिनीचा हक्क आणि कांद्याचा भाव, या मागण्या. तो ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला. कांद्याला क्विंटलमागे 350 रुपयांचं अनुदान जाहीर झालं.

पाहुणी म्हणाली, थांबा, मार्च 2023? 15 मार्चला आमच्याकडे प्रांतांच्या निवडणुका होत्या. शेतकऱ्यांच्या नव्या पक्षाने सगळ्यांना मागे टाकलं, आणि त्या पक्षाची पुढारी एक बाई, कॅरोलिन फान देर प्लास. म्हणजे आपले लोक कसारा घाटाच्या वाटेला होते, त्याच आठवड्यात तिकडे मतपेट्या उघडत होत्या. फरक एवढाच, की तिकडे ट्रॅक्टर आणि इकडे चपला, त्याही काही जणांच्या पायात नव्हत्या.

आता मुद्द्याचं. ती म्हणाली, त्याच दिवशी आम्ही पाण्याच्या मंडळालाही मत दिलं. आम्हाला कळेना. पाण्याला मत? तेव्हा तिने समजावलं. त्यांच्या देशाची साधारण पाव जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. बांध फुटला की गाव पाण्यात. 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री असंच झालं, 1836 माणसं गेली. तिची आई तेव्हा लहान होती, घराच्या माळ्यावर बसून राहिली होती. म्हणून बांध, पंप, कालवे सांभाळायला त्यांच्याकडे वेगळी मंडळं आहेत, अगदी तेराव्या शतकापासून. आज अशी 21 मंडळं आहेत आणि तिथे राहणारा प्रत्येक प्रौढ माणूस मत देतो. जमीन असो वा नसो.

आम्ही म्हटलं, आमच्याकडेही आहे की! आपल्या तालुक्यात वाघाड धरण आहे. पाणीवापर संस्थांचं ते नावाजलेलं उदाहरण. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जोडलं, नव्वदच्या सुमारास पहिल्या संस्था झाल्या, पुढे सगळ्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. मोजून पाणी, मोजून पट्टी. 2005 साली राज्याने त्यासाठी कायदाही केला आणि संचालक मंडळात बायांना जागा ठेवल्या. हे सगळं आम्ही अभिमानाने सांगितलं.

तेव्हा तिने साधाच प्रश्न विचारला, "मग तुम्ही जाता का त्या बैठकीला?"

सगळ्या गप्प.

आमच्या गावाला वाघाडचं पाणी नाही, दुसऱ्या धरणाचं आहे. आमच्यातली एक दोन वर्षांपूर्वी बैठकीला गेली होती. नवरा वारलेला, बाग ती एकटी बघते, पाळीला रात्री दोनला चारीवर तीच उभी असते. तिला सांगितलं, "वहिनी, तुमच्या दिराला पाठवा, सभासद ते आहेत." सांगणारा खोटं बोलत नव्हता. सभासदत्व जमिनीला चिकटलेलं आणि सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं आणि दिराचं नाव. जागा राखीव आहे, पण त्या जागेवर बसायला आधी उताऱ्यावर नाव लागतं.

पाहुणी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 1956 सालचा कायदा होईपर्यंत आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं, करारावर सही करता येत नव्हती. सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की घरी बसवायचे. तिच्या आजीने आयुष्यभर दूध विकलं, हिशेब आजीचा आणि सही आजोबांची. आम्हाला वाटायचं, गोऱ्या लोकांकडे हे सगळं पहिल्यापासूनच असेल.

ती गेल्यावर आम्ही तेच बोलत राहिलो. एक गोष्ट त्या दिवशी आमच्या ध्यानात आली. वरच्या पाड्यावरची आमची मैत्रीण, जिच्या घरचे दोन्ही मोर्चांत चालले, तिच्या वनपट्ट्यावर तिचंही नाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातच लिहिलंय, की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. ती जमीन विकता येत नाही, पाणीही नाही, नुसती नागली-वरई. आणि आम्ही खालच्या, ठिबकवाल्या, निर्यातीच्या बागांच्या मालकिणी म्हणवणाऱ्या! आमच्या सतरा जणींत नाव असलेल्या तीन. आम्ही मोजलं म्हणून कळलं.

असं नाही, की आपल्याकडे कोणी बोललंच नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं, शेतकरी संघटनेचं. आमच्यातल्या एकीची सासू ट्रकमधून गेली होती, अजून सांगते. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली, की बायकोच्या नावे जमीन करा. 1992 साली सरकारनेही ती योजना काढली. नवऱ्याने राजीखुशीने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. माहेरचं म्हणाल तर महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला मुलासारखाच वाटा आहे. पण हक्कसोडाचा कागद पुढे आला की आपण सही करतो. आमच्यातल्या पाच जणींनी केलीय. एकीने तर भाऊबीजेला. ती म्हणते, "सही केली नसती तर माहेर तुटलं असतं." तिला कोण चूक म्हणणार? आम्ही तरी म्हटलं नाही.

घरात हा विषय काढणं सोपं नाही. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "का गं, मला सोडून जायचंय का?" दुसरीचा हसला आणि म्हणाला, बघू छाटणी झाल्यावर. तिसऱ्याने मात्र दुसऱ्याच दिवशी उतारा काढून आणला.

सध्या असं चाललंय. दर महिन्याच्या बचतीच्या बैठकीत आम्ही हप्त्यांबरोबर उताराही विचारतो. प्रत्येकीने आपला सातबारा आणायचा, वाचायचा, ज्या नावांखाली आपण राबतो ती मोठ्याने म्हणायची. आठ जणींनी आणलाय. दोघींच्या उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून तशीच आहेत, म्हणून आधी वारस नोंद करावी लागेल. त्यासाठी पुढच्या सोमवारी तलाठी भाऊसाहेबांकडे जायचं ठरलंय, सहा जणी मिळून. ती चारीवर उभी राहणारी सगळ्यात पुढे असेल. आपल्या गटातल्या कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेनऊला एसटी स्टँडवर या. मृत्यूचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स घरून काढून आणा, तिथल्या दुकानात रांग फार असते.