बंब सगळ्यांचा, मग पगार कोणी द्यायचा?

आज विषय जरा हिशोबाचा आहे. पण वही उघडून बसायची सवय आपल्याला गटाच्या मीटिंगमुळे आहेच, म्हणून बिनधास्त बोलतो.

आमच्या भागातल्या दोन नगरपंचायती आणि भोवतालची गावं मिळून एक अग्निशमन केंद्र उभारायची चर्चा चालली आहे. आत्ता काय होतं? कडब्याची गंजी पेटली की मोठ्या शहरातला बंब बोलवायचा. अंतर ३० किलोमीटर. रस्ता मोकळा असला, गाडी ताशी ४० च्या वेगानं आली, तरी पाऊण तास. तोवर गंजी काय वाट बघत बसते? गेल्या उन्हाळ्यात एका घरचं वर्षाचं वैरण असंच गेलं. बंब आला तेव्हा धुमसत्या राखेवर पाणी मारणं तेवढं राहिलं होतं. त्या कर्मचाऱ्यांना आम्ही बोल लावत नाही. ते निघाले वेळेवरच, पण निघाले लांबून.

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी जे विषय दिलेत, त्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात ती नाही. म्हणून बंब शहरात आणि गंज्या गावात, अशी ही विभागणी. पण आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात दोन किंवा जास्त स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती करायची सोय आहे. तिचा उपयोग इथे होऊ शकतो.

आता पैसे. बंब विकत घेणं हे काम अवघड वाटतं, पण आमच्या मते तेच सोपं आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. बहुतेक राज्यांनी त्यात २५ टक्के वाटा घालायचा आहे. योजना, आमदार निधी, काही ना काही करून गाडी येते. फोटो निघतात, नारळ फुटतो. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण गाडीला ड्रायव्हर लागतो, आणि तो रात्री दोन वाजतासुद्धा लागतो.

समजा एका पाळीला पाच माणसं. तीन पाळ्या म्हणजे १५. सुट्ट्या, आजारपण धरून १८. एकेकाला महिन्याला २५,००० रुपये धरले तर महिन्याचे साडेचार लाख, वर्षाचे ५४ लाख. डिझेल, पाइप, दुरुस्ती, विमा यांचे सहा लाख धरा. झाले ६० लाख. एकट्या १५,००० वस्तीच्या नगरपंचायतीनं हे उचललं तर माणशी ४०० रुपये पडतात. सगळी मिळून ६०,००० वस्ती असेल तर माणशी १००. पाच जणांच्या घराला वर्षाचे ५००. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या भागाचे तुम्ही घाला. एकत्र येण्याचं कारण मात्र या हिशोबातच आहे.

हे जगावेगळं नाही. जपानमध्ये लहान शहरं आणि गावं मिळून असे संघ चालवतात. कारभार सदस्य गावांचे प्रतिनिधी बघतात. बऱ्याच ठिकाणी वाट्याचा थोडा भाग सगळ्यांना सारखा असतो आणि बाकीचा लोकसंख्येप्रमाणे.

भांडण लागतं ते वाट्यावरून आणि जागेवरून. केंद्र मोठ्या गावात झालं तर टोकाच्या वाडीला बंब उशिराच मिळणार. मग तिनं तेवढेच पैसे का भरायचे? आम्हाला वाटतं, तिचा वाटा कमी असावा, नाहीतर तिथे पंप बसवलेली एक छोटी गाडी ठेवावी. आणि बंब रिकामा झाला की पाणी कुठल्या विहिरीवर, कुठल्या शेततळ्यावर भरायचं, हे आधीच ठरलेलं असावं. उन्हाळ्यात कुठली विहीर आटते हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

दुसरं, थकबाकी. गटात एकीनं हप्ता चुकवला तर आपण काय करतो ते नियमात लिहिलेलं असतं. इथेही लिहायला हवं. एखाद्या ग्रामपंचायतीनं पैसे थकवले म्हणून तिथल्या आगीला बंब जाणार नाही, असं कधीच चालणार नाही. वसुली वेगळी, आग वेगळी. म्हणून प्रत्येक सदस्यानं तीन महिन्यांचा वाटा आगाऊ ठेवावा आणि केंद्राचं बँक खातं स्वतंत्र असावं. नगरपंचायतीच्या मोठ्या खात्यात पैसे मिसळले की पुढे हिशोब लागत नाही. समितीत मोठ्या गावाला दहा मतं आणि वाडीला एक, असंही नको. आणि कोणता फोन किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, ही नोंदवही सगळ्यांना बघता आली पाहिजे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या. बंब कधी येणार हे सगळेच विचारतील. तुम्ही विचारा, की तिसऱ्या वर्षी पगार कुठून देणार, आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागून गटाच्या फाइलला लावा.

केंद्र होईपर्यंत आग लागली तर १०१ किंवा ११२ लावा. गावाचं नाव सांगताना जवळची मोठी खूणही सांगा. एकाच नावाची दोन गावं एका तालुक्यातसुद्धा असतात.