ढगालाही छप्पर असते



२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली आणि काढणीला आलेली ज्वारी आडवी पडली. तेव्हा एका बाबांनी मला विचारले, "भाऊ, सूर्य वर आहे, मग बर्फ वर कसा?"

कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढूनही मी क्षणभर गडबडलो. प्रश्न बरोबर आहे. पण सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि तापलेली जमीन हवेला. तव्यावरून हात जसजसा वर न्याल तशी धग कमी लागते. शिवाय वर चढणारी हवा फुगते आणि फुगताना आणखी गार होते. सरासरी किलोमीटरमागे साडेसहा अंश उतरतात. मार्चमध्ये खाली अंगाची लाही होत असली तरी चार-पाच किलोमीटरवर पाणी गोठते. जोराचा वारा थेंबांना तिथे उचलून नेतो, गार वाढत जाते, आणि वाऱ्याला पेलवेनाशी झाली की आपल्या कणसावर येते.

हा सगळा खालचा मजला, तपांबर. आपल्याकडे तो सोळा-सतरा किलोमीटर उंच. त्याच्या टोकाला पारा उणे सत्तरच्याही खाली. तिथून वर मात्र उलटे होते. तेस्राँ द बोर या फ्रेंच शास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून १९०२ मध्ये ते जगापुढे मांडले. वरच्या स्थितांबरात ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, म्हणून तिथली हवा वर जावे तशी ऊबदार होते. गारव्यावर ऊब बसली की तिचे छप्पर होते. वळवाच्या ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला तुम्ही पाहिलाच आहे. तो छपराला टेकलेला असतो.

त्याच्याही वर, पन्नास किलोमीटरनंतर, मध्यांबर. तिथे उल्का जळतात. आपल्या पिकाला त्याचे काही नाही.

आपले पाणी खालच्याच मजल्यात. वाफ जवळजवळ सगळी तिथेच. २०१५ साली तेव्हाच्या औरंगाबादहून कृत्रिम पावसाचे विमान उडाले. ते विमानही याच मजल्यातल्या, आधीच भरून आलेल्या ढगात क्षार फवारते. कोरड्या आभाळात फवारायचे कशावर? आणि मागणी होते ती कपाशी सुकल्यावर, आभाळ मोकळे झाल्यावर. पुन्हा विमान येईल तेव्हा खर्चाच्या आकड्याआधी हे विचारा : त्या दिवशी ढग किती होते, आणि किती उंच होते?