गाणं मंजूर कोण करतं?



मोठी क्रीडास्पर्धा आली की तिचं अधिकृत गाणंही येतं. ऑलिंपिकचं स्तोत्र 1896च्या अथेन्समधलं; चाल स्पिरिडॉन समारास यांची, शब्द कोस्तिस पालामास यांचे. ते आपण उभं राहून ऐकायचं, बस्स. फुटबॉल-क्रिकेटच्या गाण्याला मात्र नुसते श्रोते पुरत नाहीत, त्याला गाणारे लागतात.

2010च्या जूनपासून दहा महिन्यांत अशी तीन गाणी आपल्या कानांवर आली. दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकासाठी 'वाका वाका' आलं, तेव्हा तिथे कुरबूर झाली: यजमान आपण, आणि गाणार कोलंबियाची शकिरा? जोडीला केपटाऊनचा 'फ्रेशलीग्राउंड' हा बँड होता म्हणा. पण ज्यावर लोक नाचले ते धृपद मुळात आफ्रिकेचंच. कॅमेरूनच्या 'गोल्डन साउंड्स'नं ते 1986 साली गाजवलं होतं, आणि त्यांनीही ते सैनिकांच्या तोंडून उचललेलं.

2010च्याच ऑक्टोबरात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. गीत ए. आर. रहमान यांचं. लोकांनी ते लगेच 'वाका वाका'शी ताडून पाहिलं आणि नाकं मुरडली. रहमान यांनी त्यात फेरफार केले, तरी ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत क्रिकेटचा विश्वचषक आला, शंकर-एहसान-लॉय यांचं 'दे घुमा के' घेऊन. ही तर गल्लीतल्या पोरांची आरोळी, चाल लागण्याआधीच पाठ!

रहमान यांच्या कसबाबद्दल कोण शंका घेईल? पण स्टेडियमचं गणित वेगळं असतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. या टोकाची टाळी समोरच्या गॅलरीत पोचेपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो. ओळ लांब आणि चाल जलद असली, की अर्धे लोक मागे पडतात आणि नुसता गलका उरतो. तीन-चार अक्षरांची ललकारी आणि मागोमाग थोडी उसंत मिळाली, तर हजारो बेसूर गळेही समेवर येतात.

संयोजक गाण्यावर शिक्का मारू शकतात, त्याचे हक्क विकू शकतात, उठता-बसता ते वाजवू शकतात. ते म्हणायचं की नाही, हे तिकीट काढून आलेला माणूस ठरवतो. तेव्हा माझी एक सूचना आहे. गीत मंजूर करण्याआधी समितीनं ते एखाद्या शाळेच्या मैदानावर पाचशे पोरांना ऐकवावं. दुसऱ्या खेपेला पोरं आपणहून ओरडली नाहीत, तर संगीतकाराचं मानधन चुकतं करावं आणि नवी चाल मागवावी.